पोत्यातली मोटारसायकल

घरातील जुन्या वस्तूंची वर्गवारी करावयाची झाल्यास तिचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात जुन्या पण सबंध वस्तू येतात : लोलकाचे घड्याळ, आईचे शिवणयंत्र, देवघरातील समई. दुसऱ्या वर्गात अशा वस्तू येतात, की ज्या कोणी तरी दुरुस्तीसाठी उघडल्या आणि त्या पुन्हा जोडावयाच्या राहून गेल्या. पहिल्या वर्गातील वस्तू मोडीत काढताना मनुष्य निदान दोनदा विचार करतो. दुसऱ्या वर्गातील वस्तूंच्या वाट्याला तेवढाही विचार येत नाही. त्यांचे रूप हरपलेले असते, आणि रूप हरपले की ममताही आटते. मग दिवाळीच्या साफसफाईत एक दिवस अटालेवाला बोलावला जातो, तो पोते उचलून तराजूला लावतो, आणि घरातल्या एका माणसाच्या आयुष्याची काही वर्षे किलोच्या भावाने विकली जातात.

या महिन्यात अशाच एका पोत्यातील वस्तूविषयी लिहावयाचे आहे. वस्तू म्हणजे मोटारसायकल, 1968 साली घेतलेली जावा. विषय केवळ हौशी तरुणांचा आहे असे समजून आमच्या वाचक भगिनींनी पान उलटू नये. घरात असा उद्योग सुरू झाला की त्याची जागा, त्याचे डाग आणि त्याचा खर्च यांचा हिशेब बहुधा त्यांनाच ठेवावा लागतो.

आमच्या पिढीला जावाची ओळख करून द्यावयास नको. पुढच्या पिढीसाठी थोडे सांगतो. हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. प्रागचे उद्योजक फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि आपल्या व तिच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. आपल्या देशात आयडियल जावा या कंपनीच्या म्हैसूर येथील कारखान्यातून 1961 सालापासून ही गाडी बाहेर पडू लागली. 1973 पासून हिचीच वंशज येझदी या नावाने निघू लागली, आणि 1996 साली तो कारखाना बंद झाला. पुढे 2018 साली जावा हे नाव नव्या मालकांनी, नव्या यंत्रासह, पुन्हा बाजारात आणले. त्या नव्या गाड्या आपल्या इंदूरजवळच्या पीथमपुरात बनू लागल्या. मात्र जुन्या जावाचे भाग नव्या जावाला लागत नाहीत आणि नवीचे जुनीला लागत नाहीत. नाव एक, गोत्र निराळे, असा हा प्रकार आहे.

जुन्या जावाचे यंत्र दोन धावांचे, एकाच सिलिंडरचे, अडीचशे घनसेंटिमीटरला किंचित कमी. सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. सिलिंडर एकच असूनही धुराची नळकांडी मात्र दोन, दोन्ही अंगांना एकेक. साखळी सर्व बाजूंनी पत्र्याच्या डब्यात झाकलेली, त्यामुळे धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकण्याची भीती कमी. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे डाव्या बाजूचा एकच दांडा किकचेही काम करी आणि गिअरचेही. दांडा आत दाबून वर फिरवला की ती किक झाली. गाडी सुरू झाल्यावर पूर्ववत आणला की तोच गिअर. ज्याने ती गाडी कधी चालवली आहे, त्याचा डावा पाय ही क्रिया अजून विसरलेला नसतो.

आता प्रस्तुत प्रकरण. रामबागेतील आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. वय आज पंच्याऐंशीच्या घरात. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते आणि कालव्यांच्या पाहणीसाठी त्यांनी ही गाडी घेतली होती. अठरा वर्षे ती गाडी माळव्याच्या काळ्या मातीतून फिरली. 1986 च्या उन्हाळ्यात यंत्रातून खडखड ऐकू येऊ लागली, तेव्हा अण्णांनी एका ओळखीच्या मिस्त्रीच्या साहाय्याने ते घरीच उघडले. त्यानंतर ते मिटले नाही. चार पोती, सहा डालड्याचे डबे, एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीला टेकून उभी ठेवलेली फ्रेम, अशा स्वरूपात ती गाडी जिन्याखालच्या खोलीत जवळजवळ चाळीस वर्षे राहिली.

यंदा घराची रंगरंगोटी निघाली आणि प्रश्न उभा राहिला. सूनबाईंचे म्हणणे असे की, खोली रिकामी झाली तर तेथे धान्याच्या कोठ्या राहतील आणि घरातला उंदरांचा अड्डाही मोडेल. हे म्हणणे अगदी रास्त होते. त्यांचे यजमान, म्हणजे अण्णांचे चिरंजीव, या विषयावर काहीच बोलेनात. आणि सव्वीस वर्षांचा नातू म्हणाला, “मी जोडतो.” मुलगा पीथमपुरात नोकरीला आहे, हातात कसब आहे, पण त्याने तोवर या जातीचे यंत्र उघडलेलेही नव्हते आणि मिटवलेलेही नव्हते. प्रकरण सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. मी जे सांगितले ते येथे विस्ताराने देतो, कारण अशी पोती आणखीही पुष्कळ घरांतून असतील.

पहिली गोष्ट, ‘जोडतो’ असे म्हणण्यापूर्वी मोजावे. स्वतः उघडलेले यंत्र आणि दुसऱ्याने उघडलेले यंत्र यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपण उघडताना कोणता बोल्ट कोठून निघाला हे हाताला ठाऊक असते. दुसऱ्याने उघडलेल्या यंत्रात ते ज्ञान त्या माणसापाशी असते, आणि पोत्यात फक्त लोखंड असते. म्हणून गच्चीवर एक जुनी सतरंजी अंथरून सर्व भाग जागच्याजागी मांडावेत. पुढचे चाक पुढे, मागचे मागे, यंत्र मध्ये. मांडणी झाली की काय नाही ते आपोआप दिसू लागते. मग तीन याद्या कराव्यात : काय आहे, काय नाही, आणि काय आहे पण निरुपयोगी आहे. ही तिसरी यादी करताना मनुष्य स्वतःशी फार लबाडी करतो, म्हणून ती करताना शेजारी तिऱ्हाईत माणूस बसवावा.

दुसरी गोष्ट, सर्व भाग सारख्या मोलाचे नसतात. दिवा, आरसा, पादानाचे रबर, क्लचच्या तारा, चाकाच्या तारा या गोष्टी नसल्या तरी अडत नाही. जुन्या जावांचा नाद असलेली मंडळी अनेक शहरांत आहेत आणि त्यांच्यासाठी पुष्कळ भाग नव्याने बनतात. ज्यावर निर्णय अवलंबून राहतो त्या गोष्टी चार : फ्रेम आणि तिच्यावरील क्रमांक; यंत्राची पेटी आणि तिच्यावरील क्रमांक; सिलिंडर; आणि नोंदणीची कागदपत्रे. यंत्राची पेटी दोन अर्धुकांची असते. ती दोन्ही अर्धुके कारखान्यात एकत्र बसवून कोरलेली असतात, त्यामुळे एका गाडीचे डावे आणि दुसऱ्या गाडीचे उजवे अर्धुक बहुधा नीट जुळत नाही. एक अर्धुक फुटलेले किंवा हरवलेले असेल, तर पोत्यातील बाकी सारे शाबूत असले तरी दहादा विचार करावा.

कागदपत्रांचे महत्त्व तर विशेष आहे, कारण लोखंड मिळते, कागद मिळत नाही. 1988 चा मोटार वाहन कायदा 1989 साली अमलात आला. त्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. याशिवाय 2021 साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यांत बसते. तिला निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो आणि ती नोंदणी दहा वर्षांची असते. मात्र अशी गाडी रोजच्या जाण्यायेण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. तेव्हा कोणता मार्ग घ्यावयाचा हे पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन विचारून घ्यावे. अण्णांचे नोंदणीपुस्तक ट्रंकेच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेले निघाले आणि दोन्ही क्रमांक त्याच्याशी जुळले. माझ्या दृष्टीने निम्मा निर्णय तेथेच झाला.

उरलेला निम्मा निर्णय यंत्राच्या पोटात होता. दोन धावांच्या यंत्राचे मर्म असे, की पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खाली, क्रँक जेथे फिरते त्या पेटीत येते, तेथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. हा हवाबंदपणा क्रँकच्या दोन्ही टोकांवरील रबरी ऑइलसील राखतात. चाळीस वर्षांत रबर लाकडासारखे होते. सील बाहेरून साजरे दिसते, परंतु त्याच्या कडेतून हवा आत शिरते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल व तेल कमी पडते, यंत्र तापते आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. जुने सील ‘अजून चांगले दिसते’ म्हणून ठेवणे ही काटकसर नव्हे. एका किरकोळ भागासाठी सारे यंत्र पुन्हा उघडावे लागते.

क्रँकचे काम तर घरी होण्यासारखेच नाही. तिच्या दोन जड तबकड्या एका खिळीने जोडलेल्या असतात आणि ती खिळी दाबयंत्राने ठोस बसवलेली असते. खालचे बेअरिंग झिजले की खडखड सुरू होते; मग क्रँक दाबयंत्रावर सोडवून नवी खिळी, नवे बेअरिंग आणि नवा रॉड घालावा लागतो, आणि पुन्हा जोडल्यावर ती सरळ फिरते की नाही हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासावे लागते. हे ज्याला येते असा लेथवाला शोधणे हे या साऱ्या उद्योगातील सर्वांत मोठे काम होय. असा माणूस सापडेपर्यंत एकही पैसा रंगावर आणि क्रोमवर खर्च करू नये. आमच्या पाहण्यात आलेल्या अपुऱ्या गाड्यांपैकी बहुतेकींच्या टाक्या झगमगीत आणि क्रँक मोडक्या होत्या. आधी कळस मग पाया, ही म्हण वाडवडिलांनी उगीच केलेली नाही.

त्याचप्रमाणे रंग देण्यापूर्वी सबंध गाडी एकदा कोरडी जोडून पाहावी. मडगार्ड चाकाला घासते काय, सायलेन्सरच्या पट्ट्या जागी येतात काय, आटे शाबूत आहेत काय, हे तेव्हाच कळते. आट्यांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. जावाचे आटे मिलिमीटरच्या मापाचे असतात, तर जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांचे इंची मापाचे. दिसायला सारखा म्हणून भलताच बोल्ट जोराने फिरवला, तर ॲल्युमिनियममधील आटा कायमचा जातो. टाकी गंजली असेल तर ती झाळण्यासाठी नेताना पेट्रोलची वाफ आत राहिली नाही, याची पक्की खात्री करावी. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीने माणसाचा जीव घेतल्याची उदाहरणे आहेत.

हे सारे ऐकून नातवाने याद्या केल्या. यंत्राची पेटी शाबूत, सिलिंडर थोडा मोठा करून घेता येण्याजोगा, क्रँक झिजलेली, डायनॅमो जळालेला, एक सायलेन्सर उंदरांच्या मालकीचा. सहा डब्यांपैकी पाचांवर अण्णांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या होत्या : ‘क्लच’, ‘मागील चाक’, ‘दिव्याचे’, ‘गिअर’, ‘किरकोळ’. सहाव्या डब्यात काही पातळ वायसर होते आणि चिठ्ठीवर एवढेच शब्द होते : ‘विचारून लावणे’.

कोणाला विचारून? हा प्रश्न नातवाने अण्णांना विचारला, आणि तेथून या प्रकरणाला मला अपेक्षित नसलेले वळण लागले. अलीकडे अण्णांना विस्मरण होते. सकाळी जेवलो की नाही हे संध्याकाळी आठवत नाही. नातवाला ते कधी कधी मुलाच्या नावाने हाक मारतात. पण डबा हातात दिल्यावर त्यांनी वायसर बोटांनी चाचपले, जाडीप्रमाणे वेगळे केले आणि म्हणाले, “हे गिअरच्या शाफ्टच्या टोकाचे. कोणता कुठे, ते मिस्त्रीला विचारायचे होते. क्रँक आली की तो येणार होता.”

“मग क्रँक का नाही आली, आजोबा?”

अण्णा सहज म्हणाले, “क्रँकचे पैसे याच्या कॉलेजात भरले ना.” आणि त्यांनी दाराकडे बोट केले. दारात त्यांचे चिरंजीव उभे होते.

चिरंजीवांना हे ठाऊक होते. 1986 च्या जुलैत त्यांना अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, शुल्क भरावयाची मुदत चार दिवसांवर होती, आणि वडिलांनी ‘गाडी काय, दिवाळीनंतर करू’ असे म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम काढून दिली होती. ती दिवाळी आली तेव्हा वसतिगृहाचा खर्च होता. पुढच्या दिवाळीला धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. मग एक दिवस मिस्त्रीच वारला. अण्णा निवृत्त होईपर्यंत कधी सायकलने तर कधी खात्याच्या जीपने कामावर गेले. ही गोष्ट चिरंजीवांनी आपल्या पत्नीलाही सांगितली नव्हती. पोती अटालेवाल्याला देण्याच्या चर्चेत ते गप्प का बसत होते, हे सूनबाईंना त्या दिवशी कळले.

मला येथे भावनेला पूर येऊ द्यावयाचा नाही. कर्तव्य म्हणून मोडलेली वस्तू कर्तव्य म्हणूनच जोडली पाहिजे, असा काही नियम नाही. आणि वडिलांनी दिलेले पैसे गाडी जोडून फिटत नसतात. नातवाच्या विवाहाचे घाटत आहे, घराचे काम निघाले आहे, आणि पैसा मर्यादित आहे. म्हणून मी जो तोडगा सुचवला तो व्यवहाराचा होता. एक वर्षाची मुदत ठरवावी. त्या मुदतीत फक्त यंत्र करावे. फ्रेम आणि टाकीला हात लावू नये. दरमहा किती खर्चावयाचे ती रक्कम सूनबाईंनी ठरवावी आणि वही त्यांच्याच हाती असावी. पोती खोलीतून निघून गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये जावीत, म्हणजे कोठ्यांना जागा होईल. आणि वर्षअखेर यंत्र सुरू झाले नाही, तर सर्व भाग, याद्या आणि कागदपत्रे यांसह जावा जोपासणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला द्यावेत. असा माणूस त्या भागांतून गाडी उभी करील. अटालेवाला त्यांचा फक्त रस करील. मुदत संपल्यावर सोडून देणे यात पराभव मानण्याचे कारण नाही.

तोडगा सर्वांना मान्य झाला, पण त्यातील एक कलम मी नंतर वाढवले. दर रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, एक तासभर अण्णांना गच्चीवर खुर्ची द्यावी, एकेक भाग त्यांच्या हातात द्यावा आणि ते जे बोलतील ते नातवाने लिहून घ्यावे. अण्णा सांगतील ते सारेच बरोबर असेल असे नाही. सुट्या भागांच्या पुस्तकातील आकृत्यांशी ताडून पाहता पहिल्या दोन रविवारी त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच बरोबर निघाल्या, काही चुकल्या, आणि काही अशा निघाल्या की ज्या पुस्तकात असूच शकत नाहीत : मागच्या चाकाची खिळी एकदा लेथवर नवी करून घेतली होती, कार्ब्युरेटरची सुई दुसऱ्या गाडीची आहे, फ्रेमवरील डावीकडचा झाळ कालव्याच्या भरावावरून घसरल्यानंतरचा आहे. या गोष्टी जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक होत्या, आणि त्या माणसाच्या स्मृतीला ओहोटी लागली आहे. क्रँकचा लेथवाला पुढच्या महिन्यातही मिळेल. अण्णांच्या बाबतीत तसे सांगता येत नाही.

आजची स्थिती अशी. लेथवाला सापडला आहे, क्रँक त्याच्याकडे आहे. सहाव्या डब्यातील वायसर मोजून, आकृतीशी ताडून, कागदावर चिकटवून ठेवले आहेत. फ्रेमवरील तो डावीकडचा झाळ घासून गुळगुळीत न करता तसाच ठेवावयाचे ठरले आहे. तो मजबूत आहे की नाही एवढेच तपासून घ्यावयाचे. वहीत सूनबाईंनी पहिल्या दोन महिन्यांचा हिशेब लिहिला आहे आणि ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च थोडा कमीच झाला आहे. गाडी सुरू होईल की नाही, हे वर्षअखेर कळेल.

ज्या वाचकांच्या घरी अशी पोती असतील, त्यांना शेवटी एवढेच सुचवतो. ठेवावयाचे की द्यावयाचे हा निर्णय सावकाश करा. त्याला घाई नाही. परंतु ज्याने ती वस्तू उघडली तो मनुष्य हयात असेल, तर त्याला एक भाग हातात देऊन दोन प्रश्न मात्र याच आठवड्यात विचारा : हे कोठे लागते, आणि हे का राहून गेले. पहिल्या उत्तराचा उपयोग यंत्र जोडणाऱ्याला होईल. दुसरे उत्तर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ऐकावे.